सहा पावलांवरचा वाघ

मी वाघ पाहिला आहे असे मी कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्यांदा सांगितले तेव्हा अंतर शंभर पावलांचे होते. पुढे ज्याने ज्याने ती हकिगत पुन्हा सांगायला लावली, त्याच्यासाठी ते थोडे थोडे कमी होत गेले. गणपतीच्या सुमारास वाघ वीस पावलांवर आला, नवरात्रात दहावर, आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर तो आमच्या गोठ्याच्या दारात, माझ्यापासून सहा पावलांवर उभा होता आणि त्याच्या तोंडाचा वास मला येत होता. पुढच्या आयुष्यात मी वर्तमानपत्रात काम केले आणि दुसऱ्यांच्या बातम्यांतली अंतरे तपासून लाल शाईने दुरुस्त केली. त्या सवयीने वस्तुस्थिती आरंभीच नोंदवतो. मी वाघ पाहिला नव्हता. आमच्या भागात वाघ होते, गुरे नेत होते, पावसाळ्यानंतरच्या दिवसांत संध्याकाळी डोंगराकडून त्यांचा आवाजही येई. पण पाहिला नव्हता. तरी सांगितले, त्याचे कारण साधे होते. वसतिगृहातले पहिले दोन महिने मी तोंड उघडले की ‘नाय’ निघे, आणि खोलीतली सगळी मुले ‘नाय, नाय’ करून हसत. वाघ आल्यावर ते हसणे थांबले. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या कुठल्याशा खेड्यातला मुलगा अचानक वाघवाला झाला. ही जागा सोडायची माझी तयारी नव्हती.

ही जागा सर्वांत जास्त धोक्यात होती ती सदानंदमुळे. सदानंद मूळचा गिरगावातला, सहा फूट उंच, पुढे वकील व्हायचे असे त्याने शाळेतच ठरवलेले. कोणतेही विधान तो उलटतपासणीशिवाय स्वीकारत नसे. दुसरा मित्र मधू, दादरचा, अंगाने गोल. सोबत काही खायला असेल तर तो कोणतेही विधान स्वीकारी. एके दिवशी सदानंदने विचारले, “दिवाळीला आम्ही तुझ्याकडे येतो. वाघ दाखवशील?”

“दाखवीन की.”

“आणि नाही दिसला तर?”

“दिसेल.”

“नाही दिसला, तर परत आल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं, की थाप मारली. कबूल?”

मी कबूल म्हणालो. सगळे ऐकत होते, दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते. सदानंदने काकांचा पेटीसारखा कॅमेरा मागून आणला. युद्धामुळे फिल्मचे रोल दुर्मीळ झाले होते आणि कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये तीनच फोटो शिल्लक होते. ते तिन्ही वाघासाठी राखून ठेवण्यात आले.

आसनगावला गाडीतून उतरलो तेव्हा माहुलीचे सुळके धुक्यातून वर आले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलगाडी पाठवली होती. शहापूरचा बाजार ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळे पडलेले, बांधांवर कुरडूची गुलाबी तुरे धरलेली झाडे, आणि वाऱ्याबरोबर कापलेल्या ओल्या पेंढ्याचा वास. मधूने पहिल्या तासात घरून आणलेले सगळे संपवले. गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि अंगणात कोणीच नव्हते. या ठिकाणी माझ्या पहिल्या चुकीची नोंद करायला हवी. शहरात दिवाळी म्हणजे सुट्टी. आमच्याकडे दिवाळी म्हणजे लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी, आणि त्या दिवसांत कोणी कोणाकडे पाहुणा म्हणून जात नाही. हे मला माहीत होते. वसतिगृहात चार महिने राहून मी ते विसरलो होतो.

आबा शेतातून आले, हातात विळा, डोक्याला भाताचे तूस. पाहुण्यांना त्यांनी पाणी विचारले, प्रवासाची चौकशी केली. मग म्हणाले, “कोनचं काम काढलंत?”

“काम नाही. फिरायला आलोत,” सदानंद म्हणाला.

“फिरायला म्हंजे कुनाकडं?”

“कोणाकडे नाही. असेच. डोंगर बघू, नदी बघू.”

आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात डोंगर लाकडासाठी आणि नदी गुरांसाठी पाहिली होती. “नदी हाय तिथंच हाय,” ते म्हणाले, आणि पुन्हा शेतावर गेले.

काशीआत्याने मात्र हा प्रकार लगेच उपयोगात आणला. काशीआत्या आबांची थोरली बहीण. घर तिच्या शब्दावर चाले आणि तिचा शब्द अंगणाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई. माणूस ज्या दिशेला निघाला त्या दिशेचे सामान त्याने नेलेच पाहिजे, असा आमच्या गावचा रिवाज होता. रिकाम्या हातांनी वाट चालणे म्हणजे वाट फुकट घालवणे. त्यामुळे आमचे प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ कोणाच्या तरी निरोपाला बांधले गेले. काळू नदीचा डोह पाहायला निघालो तर सदानंदच्या खांद्यावर नदीकाठच्या मळ्यात पोचवायची पाटी आली. देवळाकडे निघालो तर मधूच्या हाती कोंबडी दिली, ती त्याने पूर्ण वाटभर दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवर जायचे ठरले तेव्हा आत्या हळदीची पुरचुंडी घेऊन आली. “वर चाललाच हाव तर ही गोमा ठाकराच्या पाड्यावर द्या. त्याला बारशीच्या पूजेला लागंल.” तो जाण्याचा रस्ता नव्हता. आम्ही वळसा घालून दिली.

या फिरण्यात सदानंद वाघाला विसरला नव्हता. नदीकाठच्या चिखलात मला एक पाऊल दिसले आणि मी गंभीर चेहऱ्याने थांबलो. सदानंदने खिशातून पट्टी काढून लांबी मोजली, रुंदी मोजली, वहीत लिहिली. तेवढ्यात गोमाबाबा गुरे घेऊन पाण्यावर आला. हा ठाकरांच्या पाड्यातला सर्वांत जाणता माणूस. गावची गुरे डोंगरावर नेण्याचे काम त्याच्या घराण्याकडे होते, आणि खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्याने वाकून पाऊल पाहिले.

“काय आहे, बाबा?” सदानंदने विचारले.

“पाटलाचं कुत्रं,” गोमा म्हणाला. “लंगडं हाय मागून.”

सदानंदने वहीतली नोंद खोडली नाही. तिच्यापुढे ‘कुत्रे’ असे लिहिले आणि माझ्याकडे पाहून वही मिटली.

जेवणाच्या वेळा तेवढ्या सुखाच्या होत्या. पहाटे आई आणि शेजारणी नव्या भाताचे पोहे कुटत. दोन मुसळे एकाच उखळात आळीपाळीने पडत आणि त्या ठेक्यावर घराला जाग येई. ते पोहे ओले, गरम, हिरवट. त्यावर खोबरे आणि गूळ. दुपारी तांदळाची भाकर, ओढ्यातल्या खेकड्यांचे कालवण आणि उकडलेले करांद्याचे कंद, ज्यांचा कडवटपणा जिभेवर असताना पाणी गोड लागते. मधूने या पाण्याचा प्रयोग पुनःपुन्हा करून पाहिला. आत्या वाढताना त्याच्यावर खूश असे आणि मला टोमणे मारी. “काय रे बाळू, वाघ दाखवतोस म्हनं पावन्यांना? त्यांना कनगीची गोष्ट सांगितलीस का?”

“कोणती कणगी?” सदानंदने लगेच मान वर केली.

“आत्या, भाकर आन,” मी म्हणालो.

तिने भाकर आणली आणि गोष्ट राखून ठेवली.

तिसऱ्या दिवशी वाघबारस होती. आश्विन वद्य बारशीला तुम्ही शहरात गाय-वासराची पूजा करता. आमच्या डोंगरपट्टीत गुराखी त्या दिवशी वाघोबाची पूजा करतात. ओहोळ हीच आमची शीव. त्याच्या पलीकडे शेंदूर फासलेली एक उभी शिळा आहे. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि वाघ कोरलेले. घरोघरचे दूध-तांदूळ जमवून तिथे खीर शिजवतात. एक माणूस वाघ होतो. गुराखी त्याला हुसकावतात, पकडून वाघोबापुढे उभा करतात आणि त्याच्याकडून वर्षाचा शब्द घेतात, की शिवेच्या आत पाऊल टाकणार नाही. वाघ गावातला चालत नाही. गावातल्या माणसाला शिवेच्या आत येऊ नको असे कसे सांगणार? म्हणून गोमाबाबाचा जावई लहानू, नदीपलीकडे मुरबाडकडच्या गावातला, दर वर्षी वाघ होई. त्या दिवशी सकाळी निरोप आला की लहानू हिवतापाने पडला आहे. गोमाबाबा आमच्या अंगणात येऊन बसला. “आता वाघ कुठनं आनू?” असे तो आबांना म्हणत होता, आणि बोलता बोलता त्याची नजर सहा फूट उंच, शिवेबाहेरच्या, दारात दात घासत उभ्या असलेल्या माणसावर गेली.

सदानंदने अटी विचारल्या. मार किती, किती वेळ, शब्द कोणते. समाधान झाल्यावर हो म्हणाला. मला वाटले, सुटलो. वाघ पाहायला आलेला माणूस स्वतःच वाघ झाला, तर तक्रार कोणाकडे करणार? दुपारी ओहोळापलीकडे त्याला रंगवले. आम्ही वळसा घालून पोचवलेलीच हळद त्याच्या अंगाला फासली, त्यावर कोळशाचे पट्टे ओढले, कमरेला पेंढ्याची शेपटी बांधली. चष्मा मधूने खिशात ठेवला. कॅमेरा माझ्याकडे आला, त्यामुळे गुराख्यांनी वाघाभोवती कडे धरले तेव्हा मी कड्याबाहेर होतो. मधूही बाहेर होता, पण तो खिरीपाशी होता. आबा खळ्यावर होते. बायका या पूजेला येत नाहीत. आत्या अलीकडच्या काठावर टोपली घेऊन काहीतरी वेचत असल्यासारखी उभी होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

चष्म्याविना वाघ दोनदा झुडपात पडला. शेवटी त्याला धरून वाघोबापुढे आणले. गोमाने काठी आपटली.

“कोन रे तू?”

“वाघ.”

“आमच्या शिवारात काय काम?”

सदानंदने क्षणभर विचार केला. “असाच फिरायला आलो.”

गुराखी जमिनीवर लोळायचे तेवढे राहिले. “फिरायला म्हनतो! हाना रे त्याला!” पळसाच्या टाहाळ्यांचा मार पडला.

“गाईला हात लावशील?”

“नाही.”

“शेरडाला?”

“म्हणजे?”

“बकरी रे, बकरी!” मधू खिरीजवळून ओरडला.

“बकरीलाही नाही.”

“ही शिव वलांडशील?”

“नाही,” सदानंद म्हणाला. आवाज खणखणीत, कोर्टात लावावा तसा. “पुढल्या बारशीपर्यंत ही शीव ओलांडणार नाही.”

सगळ्यांनी आरोळी दिली. पळसाच्या पानांवर खीर वाढली गेली. अंधार पडायच्या आत घरी जावे म्हणून आम्ही तिघे उठलो, ओहोळापाशी आलो, आणि गोमाबाबा आडवा झाला.

“तुमी नाय, पावनं.”

सदानंद हसला. गोमा हसला नाही. मागचे गुराखीही हसले नाहीत. तेव्हा कुठे मला समजले काय झाले आहे. लहानू दर वर्षी शब्द देऊन नदी उतरून आपल्या घरी जाई. वाघ शिवेच्या आत मुक्कामाला उतरलेला असू शकतो, हे गावात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. वाघ तर शब्द देऊन बसला होता, आणि त्याची वळकटी आमच्या ओटीवर होती.

“माझी वळकटी आत आहे,” सदानंद म्हणाला.

“जेवणही आत आहे,” मधू म्हणाला.

“मी जानतो,” गोमा म्हणाला. त्याचा चेहरा कष्टी झाला होता. “चूक माजी हाय. पन वाघोबापुढला शबुद. आज मोडला, आन् उद्या वासरू गेलं, तर मी कुनाला त्वांड दावू?”

आबांना बोलावणे गेले. ते आले, सगळे ऐकून घेतले आणि ओहोळाच्या काठावर बसले. “शबुद दिला तो दिला,” ते म्हणाले. “पन पावना शिवेभाईर उपाशी, आन् आपन आत जेवायचं?” या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकत्र बसत नव्हत्या. कोणी म्हणाले गाडी जोडून पाहुण्याला आसनगावला सोडावे. कोणी म्हणाले नदीपलीकडे लहानूकडे झोपवावे. हळद वाळून सदानंदच्या अंगाला चराचरा ओढत होती आणि संध्याकाळचा गारठा उतरत होता.

तोडगा आत्याने काढला, अलीकडच्या काठावरून. “धुवा त्याला! आन् ज्यानं वाघ बघितलाय त्यानं वाघोबापुढं सांगावं, हा तो न्हवं म्हनून. मग मानसाला कोन अडवतो?”

गोमाने शिळेकडे पाहिले. “चालंल. पन ज्यांनी शबुद घेतला ते नको. कड्याभाईरचा पायजे.”

म्हणजे गुराखी बाद. आबांकडे सगळ्यांनी पाहिले. “मी कधी बघितला नाय,” आबा म्हणाले. “आवाज ऐकलाय.” आयुष्य त्या डोंगराखाली गेलेला माणूस, आणि इतक्या सहज सांगून मोकळा झाला.

“मी बघितलाय,” आत्या म्हणाली. “काठीला बांधून आनलेला. मेलेला.”

“मेलेला नाय चालायचा,” गोमा म्हणाला.

“मग अडलं कुठे?” सदानंद एकदम म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता, टोमणा मुळीच नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. “बाळूने पाहिलाय की! गोठ्याच्या दारात. सहा पावलांवरून!”

जमलेल्या प्रत्येक गावकऱ्याला माझे सगळे आयुष्य माहीत होते. गोमाने मला हाताने पुढे बोलावले. शेंदराचा आणि करपलेल्या दुधाचा वास येत होता.

“वाघोबापुढं बोलतोस, बाळू,” तो म्हणाला. “बघितलायस?”

हो म्हटले असते तर सदानंद घरी येऊन जेवला असता आणि माझी वसतिगृहातली जागाही राहिली असती. आज मागे वळून पाहताना मला आठवते ते हेच, की उत्तर देण्यापूर्वी मी हा हिशेब खरोखर केला होता.

“नाय,” मी म्हणालो. वसतिगृहात घोटलेले ‘नाही’ त्या वेळी तोंडात आले नाही.

“मग सहा पावलांवर काय बघितलंस?”

“लहानूला. मी नऊ वर्षांचा होतो. बारशीला पोरं त्याला पिटाळत होती, तो शिव चुकून आमच्या गोठ्याच्या दारात आला. मी पळालो आन् कनगीत लपलो. आत्यानं भाईर काढलं.”

“भाताच्या कनगीत!” आत्या ओरडली. “रातची जेवनं झाली तरी पोरगं भाईर येईना!”

गुराख्यांचे हसणे डोंगरावर आपटून परत आले. मी सदानंदकडे पाहायचे टाळले. गोमा मात्र मान हलवत उभा होता.

“लहानू तवा वाघ हुता का न्हवता?” त्याने सगळ्यांना विचारले. “रंगवलेला हुता, वाघोबाचा टिळा हुता. मंजी वाघ हुता. बारशीचा वाघ तो वाघच. मग पोरानं बघितलाय की! आन् आज शबुद बी बारशीच्या वाघानंच दिलाय.” मग मला म्हणाला, “सांग. तुजा वाघ कसा हुता?”

सदानंदला ओहोळात बसवून मधूने आणि दोघा गुराख्यांनी घासले. चष्मा घालून तो माझ्यासमोर कुडकुडत उभा राहिला आणि मी माझ्या आयुष्यातले पहिले अचूक वार्तांकन केले. “तो वाघ बुटका होता. डाव्या कानात बाळी होती. पुढचा एक दात पडलेला. तोंडाला तंबाखूचा वास येत होता. हा उंच आहे, दात सगळे आहेत. हा तो नव्हे.”

“अंतर?” सदानंदने विचारले. दात वाजत होते तरी सवय जात नव्हती.

“सहा पावलं.”

“हे खरं?”

“हे खरं. वाससुद्धा.”

गोमा बाजूला झाला आणि सदानंद ओहोळ ओलांडून आला. अंगणात पाय धुताना तो “तंबाखूचा!” एवढेच म्हणाला आणि खांबाला धरून हसत बसला. रात्री आत्याने कणगीची गोष्ट पूर्ण सांगितली, मी कणगीत आणखी काय केले त्यासह. तो तपशील मी येथे देत नाही.

सदानंद पुढे वकील झाला आणि आमच्याकडे पुष्कळदा आला. दर वेळी ओहोळाच्या पलीकडे थांबून तो “वळखायला या!” अशी हाक मारी, आणि आम्ही कोणीतरी जाऊन हा वाघ नव्हे असे सांगितल्याशिवाय पाय पुढे टाकत नसे. त्या दिवशी मी काढलेले तिन्ही फोटो माझ्यापाशी आहेत. दोहोंत माझा अंगठा आहे. तिसऱ्यात झुडूप आहे आणि उजव्या कोपऱ्यात पेंढ्याच्या शेपटीचे टोक.

ती सुट्टी संपवून आम्ही वसतिगृहात परतलो तेव्हा खोलीत मुले वाट पाहत बसलेली होती. कबूल केल्याप्रमाणे मी उभा राहिलो. मला बोलायला सुरुवात करायची होती, पण त्यांनी विचारले ते सदानंदला, कारण विश्वास त्याच्यावर होता. “काय रे, वाघ दिसला?”

“दिसला,” सदानंद म्हणाला.

“किती पावलांवर?”

त्याने आत्याने दिलेली नव्या पोह्यांची पुरचुंडी खाटेवर सोडली, कानामागे राहिलेली हळद बोटाने खरवडली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “अंतर नव्हतंच.”